आंशिक कवळीशी जुळवून घेताना

गेल्या वर्षी आमच्या दंतविभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात अडुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. तक्रार साधी होती. खालची एक दाढ हलत होती. केसपेपर चाळताना जुनी नोंद आढळली. सव्वा वर्षापूर्वी याच विभागात त्यांना पाच दातांची आंशिक कवळी करून देण्यात आली होती. तोंडात मात्र ती नव्हती. कवळीची चौकशी करताच बाई किंचित ओशाळल्या आणि म्हणाल्या, "कपाटात आहे, स्टीलच्या डबीत. आठ दिवस घातली. बोलताना जीभ अडखळायची, घास नीट फिरायचा नाही. वाटले, आपल्याला मानवत नाही. सवयीला इतके दिवस लागतात हे मला कोणी सांगितलेच नाही."

नोंदीप्रमाणे सूचना दिलेल्या होत्या. पण त्या दिल्या होत्या दोन मिनिटांत, आणि तेही रुग्णाचे सारे लक्ष तोंडातील नव्या वस्तूकडे लागलेले असताना. अशा वेळी ऐकलेले कानाआड होणारच. बाईंची ती कवळी आम्ही मागवून घेतली, परंतु ती आता जागेवर बसेना. मधल्या काळात शेजारचे दात सरकले होते. पैसे, वेळ आणि श्रम तिन्ही वाया गेले. दोष एकट्या रुग्णाचा नव्हता, समजावून सांगण्यात आम्हीही कमी पडलो होतो. कपाटातल्या डबीत पडून राहिलेल्या अशा कवळ्या अनेक घरांत असतील. त्या डबीतून बाहेर याव्यात आणि नव्या तेथे जाऊ नयेत, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रिकामी जागा भरायची कशासाठी?

"चार दात गेले तर काय बिघडले? उरलेल्यांवर भागते की," असे अनेक ज्येष्ठ मंडळी म्हणतात. वरवर पाहता ते खरे वाटते. पण दात ही एकमेकांच्या आधाराने उभी असलेली रांग आहे. मधला एक दात गेला की शेजारचे दोन्ही हळूहळू मोकळ्या जागेकडे कलू लागतात. समोरच्या जबड्यातील दातालाही अडवणारे कोणी उरत नाही आणि तो आपल्या जागेवरून पुढे वाढतो. कललेल्या दातांच्या फटींत अन्न अडकते, हिरड्या सुजतात आणि जे दात उत्तम होते तेही हलू लागतात. शिवाय दात काढल्यावर त्या जागेचे हाड झिजत जाते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत अधिक असते आणि पुढेही मंद गतीने आयुष्यभर चालू राहते.

याहून महत्त्वाचा परिणाम ताटात दिसतो. चावता येत नाही म्हणून प्रथम काकडी, गाजर, पेरू जातात, मग मोड आलेल्या उसळी जातात, मग भाकरीही जाते. शेवटी उरतात चहात बुडवलेली बिस्किटे आणि मऊ भात. म्हातारपणी भूक कमी झाली असे घरातली माणसे समजतात. प्रत्यक्षात भूक शाबूत असते, चावण्याचे साधन गेलेले असते. प्रथिने आणि चोथा आहारातून गेल्याने अशक्तपणा व बद्धकोष्ठ मागे लागतात. मधुमेही व्यक्तीच्या बाबतीत नुसता भात-बिस्किटांचा आहार रक्तातील साखरेचा तोलही बिघडवतो.

आंशिक कवळी म्हणजे काय?

तोंडात काही नैसर्गिक दात शिल्लक असताना गेलेल्या दातांच्या जागी बसवलेले, रुग्णाला स्वतः काढता-घालता येणारे साधन म्हणजे आंशिक कवळी. ‘काढायचे-घालायचे दात’ हे तिचे लोकांतील नाव. तिचे प्रकार मुख्यतः तीन. पहिली अॅक्रिलिकची, म्हणजे गुलाबी रंगाच्या कठीण प्लास्टिकची. ही स्वस्त असते, पुढे एखादा दात गेला तर तो तिच्यात वाढवता येतो. मात्र मजबुतीसाठी तिचा पत्रा सुमारे दोन मिलिमीटर जाड ठेवावा लागतो. दुसरी कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूची ओतीव कवळी. ती पातळ आणि मजबूत असते, शिवाय धातूतून उष्णता जात असल्याने पदार्थाचा गरमपणा टाळूला जाणवतो. तिसरी लवचिक, नायलॉनसारख्या द्रव्याची. ती दिसायला चांगली असते, पण तिची दुरुस्ती व तिच्यात नवा दात वाढवणे अवघड असते. कोणती योग्य, हे शिल्लक दात, हिरड्यांची स्थिती आणि रुग्णाची आर्थिक कुवत या तिन्हींचा विचार करून ठरवावे लागते.

कवळी जागेवर राहते ती तारेच्या किंवा धातूच्या आकड्यांमुळे. हे आकडे शेजारच्या नैसर्गिक दातांना कवेत घेतात. चावताना येणारा भार काही अंशी दातांवर आणि काही अंशी हिरडीवर पडतो. येथेच सवयीच्या अडचणीचे मूळ आहे. नैसर्गिक दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा अतिशय पातळ थर असतो. तो भार झेलतो आणि किती जोराने चावले जात आहे याची वर्दीही मेंदूला देतो. हिरडीला अशी योजना नाही. ती दाबली जाते, आणि दातापेक्षा पुष्कळच अधिक दाबली जाते.

म्हणूनच सर्व आंशिक कवळ्यांचा अनुभव सारखा नसतो. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंना दात असतील तर कवळी स्थिर राहते. मागच्या दाढा गेल्या असतील आणि त्यांच्या मागे एकही दात नसेल, तर कवळीचे मागचे टोक केवळ हिरडीवर टेकते आणि चावताना थोडे खालीवर होते. एडवर्ड केनेडी या अमेरिकन दंतवैद्यांनी १९२५ मध्ये दंतहीन जागांची जी वर्गवारी मांडली, तीत दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा नसण्याच्या स्थितीला पहिला वर्ग दिला आहे. ही वर्गवारी आजही जगभर वापरली जाते. आपल्या शेजारणीची कवळी आठ दिवसांत रुळली आणि आपली रुळत नाही म्हणून खंत करू नये. दोघींच्या तोंडातील जागाच वेगवेगळ्या असतात.

पहिले दिवस

कवळी बसवल्यावर पहिल्या दिवशी तोंड भरल्यासारखे वाटते, लाळ फार सुटते, काहींना मळमळते. लाळ सुटण्याचे कारण सोपे आहे. तोंडात आलेली प्रत्येक वस्तू अन्नच आहे असे शरीर धरून चालते. ही वस्तू गिळायची नाही हे त्याला कळायला काही दिवस लागतात आणि मग लाळ आपोआप कमी होते. सतत थुंकू नये, लाळ गिळावी. मळमळ वाटल्यास नाकाने सावकाश दीर्घ श्वास घ्यावा. कवळी घातलेला वेळ थोडा थोडा वाढवत न्यावा, मात्र दिवसभर काढून ठेवू नये.

हिरडीवर एखाद्या ठिकाणी टोचणे, लाल होणे हेही पहिल्या आठवड्यात बऱ्याच जणांना होते. माप कितीही काळजीपूर्वक घेतले तरी चावताना कवळी नेमकी कोठे दाबेल हे वापरल्यावरच कळते. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा आठवड्याने रुग्णास बोलावतो. या भेटी चुकवू नयेत. दुखते म्हणून दोन दिवस कवळी काढून ठेवली आणि तशीच डबीतून आणली तर लाली नाहीशी झालेली असते आणि कोठे घासायचे हे आम्हाला कळत नाही. येण्यापूर्वी काही तास कवळी घालून यावे, म्हणजे दाबाची खूण स्पष्ट दिसते. काही मिनिटांच्या घासणीने जे दुखणे जाते, त्यापायी अनेकांनी कवळीच सोडून दिली आहे.

बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांत कवळीची सवय होते. मागचे टोक मोकळे असलेल्या खालच्या कवळीस याहून अधिक काळ लागू शकतो. हा काळ आधीच मनाशी धरला तर आठव्या दिवशी निराशा पदरी येत नाही.

जेवण

पहिल्या आठवड्यात मुगाची खिचडी, वरण-भात, उपमा, शिजवलेल्या भाज्या, आमटीत कुस्करलेली भाकरी असा आहार ठेवावा. दुसऱ्या आठवड्यापासून पोळीचे लहान तुकडे, मऊ उसळी, पनीर, उकडलेले अंडे, शिजवलेले मासे काटे काढून घ्यावेत. घास लहान असावा आणि दोन्ही बाजूंनी चावावा. सगळा घास एका बाजूस घेतला की दुसऱ्या बाजूची कवळी उचलली जाते. पुढचे दात कृत्रिम असतील तर सफरचंद, पेरू किंवा मक्याचे कणीस दातांनी तोडू नये. फळाच्या पातळ फोडी करून त्या मागच्या दातांखाली घ्याव्यात.

चिकट आणि टणक पदार्थ हे कवळीचे वैरी. चिक्की, कडक तिळाचे लाडू, उसाचे करवे, फुटाणे यांनी आकडे वाकतात किंवा कवळी तडकते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण चण्यांचे पीठ करता येते, दाण्यांचे कूट करता येते आणि संक्रांतीचा तिळगूळही मऊसर करता येतो. तीळ, पेरूच्या बिया, शेवग्याचा चोथा कवळीखाली अडकून टोचतो. अशा वेळी जेवण संपेपर्यंत सोसत न बसता कवळी काढून चूळ भरावी आणि ती धुऊन पुन्हा घालावी.

चहाबाबत विशेष सांगणे आहे. अॅक्रिलिकची कवळी टाळू झाकत असेल तर गरमपणा लगेच कळत नाही आणि पहिल्याच घोटाला घसा पोळतो. प्रथम ओठाने अंदाज घ्यावा. ‘अन्नाची चव गेली’ ही तक्रारही याच सुमारास येते. चव कळते ती मुख्यत्वे जिभेने आणि गंधाने, आणि ती दोन्ही जागच्या जागी असतात. टाळूला होणारा अन्नाचा स्पर्श तेवढा हरवलेला असतो. काही आठवड्यांत हा फरक जाणवेनासा होतो.

बोलणे

त, द, स, श, च, ज हे उच्चार करताना जीभ दातांच्या मागे किंवा टाळूला टेकते अथवा त्यांच्या अगदी जवळ जाते. तेथेच नवा पत्रा आल्याने शब्द जडावतात, शीळ ऐकू येते. यावर एकच उपाय आहे, मोठ्याने वाचणे. रोज सकाळी वर्तमानपत्राचा एक स्तंभ सावकाश व स्पष्ट वाचावा. अडखळणारा शब्द चार वेळा म्हणावा. ज्यांच्या घरी हरिपाठ किंवा स्तोत्रे म्हणण्याचा प्रघात आहे त्यांनी ती मनात न म्हणता मोठ्याने म्हणावीत. जीभ नवी जागा लवकर शिकते, मात्र मौन धरून बसल्यास शिकत नाही. लोक हसतील म्हणून बोलणे टाळणे ही या काळातील सर्वांत मोठी चूक होय.

घालणे, काढणे आणि स्वच्छता

कवळी आरशासमोर उभे राहून बोटांनी दाबून बसवावी. तोंडात ठेवून दातांनी चावून बसवण्याची सवय पुष्कळांना लागते. तिने आकडे वाकतात. काढताना दोन्ही बाजूंच्या आकड्यांना नखाने एकाच वेळी सोडवावे. जिभेने उचकटू नये.

प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवावी. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणाने सर्व बाजूंनी स्वच्छ करून भरपूर पाण्याने धुवावी. टूथपेस्ट किंवा दंतमंजन वापरू नये. त्यांतील खरखरीत कणांनी पृष्ठभागावर बारीक ओरखडे पडतात आणि त्यांत जंतू घर करतात. उकळते पाणी वापरू नये, कवळीचा आकार बिघडतो. धातूच्या कवळीस ब्लीच लावू नये. धुताना खाली पाण्याने भरलेले घमेले किंवा जाड टॉवेल ठेवावा. मोरीच्या फरशीवर पडून तुटलेल्या कवळ्या आमच्याकडे नेहमी येतात.

कवळीइतकीच, किंबहुना अधिक काळजी शिल्लक दातांची घ्यावी. आकडा ज्या दाताला धरतो तेथे अन्नकण साचतात आणि तोच दात प्रथम किडतो. आधाराचा खांब गेला की कवळीही गेली. मिश्री लावणाऱ्या भगिनींना आमची कळकळीची विनंती आहे की, ती आता कायमची सोडावी. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. हिरड्यांची हानी तर तिने होतेच, तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही तिच्यामुळे वाढतो.

रात्री कवळी काढावी

झोपताना कवळी काढून साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. याची कारणे दोन. दिवसभर दाबली गेलेली हिरडी रात्री विसावा घेते आणि लाळेचा स्पर्श होऊन स्वच्छ राहते. रात्रंदिवस कवळी ठेवणाऱ्यांच्या टाळूवर लाल चट्टा उठतो. बहुधा तो कॅन्डिडा या बुरशीचा असतो आणि पुष्कळदा दुखत नसल्याने लक्षातही येत नाही.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. एक-दोन दातांची लहान, सैल झालेली कवळी झोपेत गिळली जाऊ शकते किंवा श्वासमार्गात जाऊ शकते. साधे अॅक्रिलिक क्ष-किरणात दिसत नाही, त्यामुळे ती कोठे अडकली हे शोधणेही कठीण होते. शस्त्रक्रियेसाठी भूल देण्यापूर्वी किंवा फिट येणाऱ्या रुग्णाबाबत कवळीची माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी. रुग्णालयात दाखल होताना नाव लिहिलेली झाकणाची डबी सोबत आणावी. कागदी रुमालात गुंडाळून जेवणाच्या ताटात ठेवलेली कवळी उष्ट्याबरोबर फेकली जाते, आणि मग आजारातून उठलेल्या माणसाला जेवता येत नाही.

केव्हा यावे?

कवळी सैल झाली, वाकली, तडा गेला, आधाराचा दात हलू लागला तर विलंब न करता यावे. घरी कानसने घासू नये, पकडीने आकडे वळवू नयेत, झटपट चिकटणाऱ्या गोंदाने तुकडे जोडू नयेत. गोंदाने जोडलेली कवळी पुन्हा नीट दुरुस्त होत नाही. तोंडातील जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत भरून आला नाही तर तो कवळीचाच आहे असे समजून स्वस्थ बसू नये. तो तपासून घेणे अत्यावश्यक आहे.

तोंडाला कोरड पडत असेल तर कवळी अधिक टोचते, कारण लाळ हेच तिचे वंगण. रक्तदाब, नैराश्य, अॅलर्जी यांवरील काही औषधांनी तोंड कोरडे होते. औषध स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे आणि पाण्याचे घोट घेत राहावे. मधुमेहींनी साखर आटोक्यात ठेवली तर हिरड्याही धड राहतात. कोणतीही तक्रार नसली तरी सहा महिन्यांनी एकदा दाखवावे. हाड झिजत असल्याने कवळीच्या आतील बाजूस कालांतराने नवा थर द्यावा लागतो आणि काही वर्षांनी कवळीच बदलावी लागते.

एका धोक्याची सूचना देणे आमचे कर्तव्य आहे. ‘एका तासात फिक्स दात’ अशी पाटी लावून नोंदणी नसलेली काही माणसे कृत्रिम दात शेजारच्या दातांना तारेने बांधतात आणि त्यावर अॅक्रिलिक ओतून ते कायमचे चिकटवतात. रुग्णास ते प्रथम सोयीचे वाटते, कारण काढायची-घालायची कटकट नसते. पण त्याखाली साफसफाई अशक्य असते. हिरडी सडते आणि शेजारचे धडधाकट दातही जातात. दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणी असलेल्या दंतवैद्यानेच करावा, असे बंधन आपल्या देशात १९४८ च्या कायद्याने घातले गेले. नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यात संकोच मानू नये.

कुटुंबीयांस विनंती

सवयीचे पहिले सहा आठवडे एकट्या रुग्णाचे नसतात. उच्चारांची थट्टा करू नये, नातवंडांनाही तसे समजवावे. ताटातील भाजी थोडी अधिक शिजवावी, फळ चिरून द्यावे, जेवायला पुरेसा वेळ द्यावा. विस्मरणाचा आजार असलेल्या ज्येष्ठांची कवळी रात्री काढणे आणि सकाळी घालणे हे घरातल्या एका व्यक्तीने आपल्याकडे घ्यावे.

कवळी म्हणजे नैसर्गिक दात नव्हेत, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. शक्य तेथे पक्का पूल किंवा हाडात बसवण्याचे रोपण हे पर्यायही आहेत. परंतु प्रत्येकाच्या हाडाची, प्रकृतीची आणि खिशाची स्थिती त्यास अनुकूल असतेच असे नाही. अशांसाठी नीट बेतलेली व नीट वापरलेली आंशिक कवळी हा भरवशाचा मार्ग आहे.

आरंभी उल्लेखिलेल्या बाईंची हलणारी दाढ काढावी लागली आणि त्यानंतर त्यांना नवी कवळी करून दिली. या वेळी आम्ही त्यांना अर्धा तास बसवून घेतले, सूचना मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या आणि त्यांच्या सुनेलाही समजावल्या. बाई चार वेळा आल्या, दोनदा घासून घेतली. पाचव्या आठवड्यात आल्या तेव्हा हिरडी पाहण्यापूर्वीच त्यांनी सांगितले की, आदल्या दिवशी त्यांनी सर्वांबरोबर बसून ज्वारीची भाकरी खाल्ली, कुस्करून नव्हे, तुकडा मोडून. स्टीलची डबी आता फक्त रात्री लागते, असेही त्या म्हणाल्या.

आपल्या घरी अशी एखादी डबी कपाटात असेल तर ती घेऊन दंतविभागात यावे. कवळी जागेवर बसण्यासारखी असेल तर ती दुरुस्त करू. नसेल तर पुढे काय करता येईल ते सविस्तर सांगू, आणि या वेळी दोन मिनिटांत नव्हे.